चार स्क्रू

नवी आवृत्ती काल रात्री उतरवली.
सकाळी उघडली तर सगळं करडं.
खाली असायचा तो मिक्सर उजव्या कडेला गेलाय,
आणि मागे फिरायचा बाण एवढा बारीक केलाय
की चव्वेचाळिसाव्या वर्षी मला तो
तांदळातल्या खड्यासारखा
मान वाकवून शोधावा लागतो.

सातपूर, अशोकनगर, मागची खोली.
खिडकीला दोन गोधड्या, भिंतीला अंड्यांचे ट्रे,
पलीकडे ताजण्यांची पिठाची गिरणी.
तिची घरघर काढणं मात्र
आता फार सोपं झालंय, खोटं कशाला बोलू.
आवाजाचा अख्खा डोंगर पडद्यावर दिसतो,
गिरणी त्यात कुठे बसलीय तेही दिसतं.
गव्हाची टेकडी वेगळी, बाजरीची वेगळी.
धरायची, खाली दाबायची.
ताजणेकाकूंना दाखवलं तर म्हणाल्या,
आणि डाळ दळताना?

अकराला अण्णा चहा घेऊन आले.
एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस
कॉम्प्रेसरच्या चित्रापाशी थांबला.
पितळी पट्टी, वर थरथरता काटा,
चार कोपऱ्यांत चार स्क्रू,
षटकोनी खाचेचे, प्रत्येकाखाली इवलीशी सावली.
"ह्याला ॲलन की कितीची? पाचची?"
काढलेत ते नुसते, अण्णा.
"आत काय आहे?"
काही नाही. आकडे.
"मग आवळलंय कशाला?"

बटण गोल, पण माऊस सरळ वर ओढायचा.
हे त्यांना पटलंच नाही.
दोनदा ओढून बघितलं,
काटा लगेच हलला, दोन्ही वेळा.
"ह्यात प्ले कुठाय?"
मी हिरवा त्रिकोण दाखवला.
"तो नाही गं.
हँडल उलटं फिरवलं की थोडं रिकामं जातं,
मग स्लाइड हलते. तो प्ले.
माझ्या मशीनला पाच घरं होता.
मी पाच घरं धरून चालायचो."
कप घेऊन गेले.

दुपारी मखमलाबादहून केरू पिंगळे आले,
रिक्षात ढोल सीटवर आणि ते ड्रायव्हरशेजारी.
साडेतीनचा कंपनीचा भोंगा होऊ दिला,
मग अकरा मिनिटं वाजवलं त्यांनी.
गोधडीवरची धूळ खाली आली.
थांबले तेव्हा नव्या आवृत्तीत
एक निळं बटण आपणहून पेटलं:
ताल सरळ करायचा का?
मी विचारलं नव्हतं. पण दाबलं.
सगळे ठोके उठून
रेघांवर जाऊन बसले,
शाळेच्या फोटोतल्यासारखे, हात गुडघ्यांवर.

केरूमामांनी हेडफोन एका कानाला लावला.
"कोण वाजवतंय हा?"
तुम्हीच, मामा.
"नाही. ह्याला सगळे पैसे आधीच मिळालेत."

मी बाण शोधायला लागले.
चष्मा वर, चष्मा खाली.
ते शांतपणे टिपरूची दोरी गुंडाळत होते.
सापडला.
चौथा ठोका पुन्हा रेघेच्या जरा पलीकडे पडला,
आणि त्यांनी न बघता मान हलवली.

संध्याकाळी खिडकी उघडली एक, पडद्यातली:
नवी रचना कशी वाटली? पाच चांदण्या. तुमचं मत लिहा.
मी लिहिलं,
गिरणी काढता येते, त्याबद्दल आभार.
करडा रंग चालेल, सवय होईल.
निळं बटण विचारल्याशिवाय पेटू नये.
मागे फिरायचा बाण मोठा करा,
आमच्याकडे मागे फिरावं लागतं.
स्क्रू राहू द्या. वडील येऊन बघतात.
मग प्लेबद्दल लिहायला घेतलं
तर अक्षरं संपली.

तेवढ्यात खुर्ची करकरली.
हीच करकर केरूमामांच्या सातव्या मिनिटात आहे,
कुठल्याच टेकडीत ती सापडत नाही.
अण्णा पाना घेऊन खाली बसले.
बोल्ट आवळला, दात आवळून,
शेवटपर्यंत.
मग पाव आटा सोडला.

"बस आता," म्हणाले.